ताणानंतरचे दहा दिवस : शेततळ्यातील माशांचे आतडे आणि रोगप्रतिकारशक्ती कशी सांभाळावी

तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी आणि साताऱ्याकडील माण-खटाव या पट्ट्यात शेततळे खोदले जाते ते द्राक्षाच्या नाहीतर डाळिंबाच्या पाण्यासाठी. रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस त्यात मागाहून येतात. त्यामुळे तळे कधी भरायचे, किती उपसायचे आणि पाणी कोठून घ्यायचे हे सर्व बागेच्या गरजेवर ठरते, आणि माशांना त्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते. हे जुळवून घेताना माशाच्या आतड्यात आणि रोगप्रतिकारशक्तीत काय बिघडते, ते कोणत्या दिवशी दिसू लागते आणि त्याआधी आपल्या हाती काय असते, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

हा विषय मला अनुभवाने शिकावा लागला. एका मे महिन्यात वळवाचा जोरदार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या तळ्यातील मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले. आम्ही मोटर लावून तळ्याचेच पाणी तळ्यात फवाऱ्याने सोडले, नऊ-दहा वाजेपर्यंत मासे खाली गेले आणि त्या दिवशी एकही मासा दगावला नाही. संकट टळले असे समजून आम्ही त्याच संध्याकाळी नेहमीइतके खाद्य टाकले. सहाव्या दिवशी परांच्या मुळाशी लाल झालेला आणि पोट फुगलेला पहिला रोहू काठाला लागला, आणि पुढच्या चार दिवसांत दोनशेहून अधिक मासे गेले. आम्ही दोष दिला तो आदल्या दिवशी फोडलेल्या खाद्याच्या नव्या पोत्याला. प्रत्यक्षात कारण सहा दिवस आधी घडून गेले होते, आणि त्या संध्याकाळच्या खाद्याने आम्हीच ते वाढवले होते. तेव्हापासून कोणताही धक्का बसला की त्या तारखेपासून पुढचे दहा दिवस मी मोजतो, आणि या दहा दिवसांत तळ्याकडे आजारातून उठणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे पाहतो.

धक्का बसल्यावर शरीरात काय घडते

जाळे ओढले गेले, प्राणवायू घटला किंवा पाण्याचे तापमान एकाएकी बदलले, तर काही सेकंदांत माशाच्या रक्तात ॲड्रेनालिन मिसळते. त्यानंतर काही मिनिटांत मेंदूकडून निघालेल्या संदेशामुळे कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढू लागते आणि साधारण अर्ध्या ते एका तासात त्याची पातळी सर्वाधिक होते. धक्का एकदाच बसून लवकर संपला असेल तर काही तासांत, फार तर दिवसभरात, ती पूर्ववत होते. ही संप्रेरके माशाला वाचवण्यासाठीच असतात: यकृतात साठवलेली साखर रक्तात येते, कल्ल्यांतून अधिक रक्त फिरते आणि स्नायूंना पळण्याचे बळ मिळते. मात्र हे रक्त कोठून तरी वळवावे लागते, आणि ते मुख्यतः आतड्याकडून वळवले जाते. गोड्या पाण्यातील माशाला आणखी एक तोटा सोसावा लागतो, तो असा की कल्ल्यांतून जास्त रक्त फिरू लागले की शरीरातील क्षार बाहेरच्या पाण्यात निघून जातात, बाहेरचे पाणी शरीरात शिरते आणि हा तोल सावरण्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते.

माशाच्या हाडांत आपल्यासारखी रक्तपेशी तयार करणारी मज्जा नसते. ते काम मुख्यतः मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग करतो, आणि कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या पेशीसुद्धा नेमक्या याच भागात असतात. संरक्षक पेशी जेथे जन्मतात तेथेच त्यांना आवरणारे संप्रेरकही तयार होते, हे लक्षात घेतले की ताणाचा आणि रोगाचा संबंध इतका निकटचा का आहे ते कळते. कॉर्टिसॉल वाढलेले राहिले की रक्तातील लिम्फोसाइट या संरक्षक पेशी कमी होतात आणि प्रतिपिंडे तयार होण्याचा वेग मंदावतो. येथे एक भेद मात्र सांगायला हवा. ताण सौम्य आणि अल्पकाळ असेल तर काही संरक्षक यंत्रणा उलट थोडा वेळ अधिक जोमाने काम करतात. घात करतो तो लांबलेला किंवा लागोपाठ येणारा ताण. म्हणून एका धक्क्यातून मासे सावरले तरी आठवडाभरात दुसरा धक्का बसू न देणे, हे या दहा दिवसांतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

आतड्यातील जिवाणू कशासाठी हवेत

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा या कार्प कुळातील माशांना जठर नसते. तिलापियाच्या (आपल्याकडील चिलापीच्या) जठरात तीव्र आम्ल असते आणि खाद्याबरोबर आलेले पुष्कळसे जंतू त्यात मरतात. कार्प माशाच्या बाबतीत हा पहारा अस्तित्वातच नाही. त्याने गिळलेले खाद्य, शेवाळ, तळाचा गाळ आणि त्यांवरील जिवाणू थेट आतड्यात उतरतात. त्यामुळे तेथे आधीपासून कोणते जिवाणू वस्ती करून आहेत, याला कार्पमध्ये फार महत्त्व येते.

निरोगी आतड्यातील हे जिवाणू अनेक कामे करतात. खाद्यातील न पचलेला भाग आंबवून ते ॲसिटेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या पेशींना त्यांतून पोषण मिळते. कार्प आणि तिलापिया यांच्या आतड्यात नेहमी आढळणारा सेटोबॅक्टेरियम हा जिवाणू ब-12 जीवनसत्त्व तयार करतो. याशिवाय आतड्याच्या अस्तरावरील जागा आणि तेथील अन्न त्यांनी व्यापलेले असल्यामुळे रोगकारक जिवाणूंना वाढायला वाव मिळत नाही. झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातील छोटा मासा रोहूच्या दूरच्या नात्यातला आहे; त्याला पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवून 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, जिवाणू नसतील तर आतड्याच्या अस्तराचे नूतनीकरण मंदावते आणि पचन व प्रतिकारशक्ती यांच्याशी निगडित अनेक जनुकांचे काम बदलते. थोडक्यात, हे जिवाणू माशाच्या प्रतिकारशक्तीला घडवतातही आणि जागी ठेवतातही.

धक्का बसल्यावर आतड्याचे रक्त कमी होते, अस्तरावरील बुळबुळीत थर पातळ होतो किंवा गळून पडतो आणि अस्तराच्या पेशींमधील घट्ट सांधे सैल होतात. त्या थरावर आणि त्याच्या आधाराने राहणाऱ्या जिवाणूंची घडी विस्कटते. एरोमोनास हा जिवाणू निरोगी माशाच्या आतड्यात आणि कोणत्याही तळ्याच्या पाण्यात थोड्या प्रमाणात असतोच. या गोंधळात तो झपाट्याने वाढतो आणि सैल झालेल्या सांध्यांतून रक्तात उतरू शकतो. परांच्या मुळाशी रक्त साकळणे, खवले उभे राहणे, पोटात पाणी होणे ही लक्षणे त्यानंतरची आहेत. आतड्यात आणि त्वचेवर पहारा देणारे माशाचे एक खास प्रतिपिंड असते, परंतु त्याची निर्मितीही याच काळात मंदावलेली असते. कॉर्टिसॉल एका दिवसात उतरले तरी अस्तर, त्यावरील थर आणि जिवाणूंची घडी सावरायला कित्येक दिवस लागतात. तोवर जंतू वाढत असतात, आणि म्हणून मर बहुधा तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत केव्हातरी दिसू लागते.

पहिली पायरी : ताणाची नोंदवही

एक साधी वही तळ्याजवळच्या खोलीत ठेवावी. तारीख, पहाटेचे पाण्याचे तापमान, शक्य असेल तर पहाटेचा विरघळलेला प्राणवायू, दुपारचा सामू (पाण्याचा पीएच), टाकलेले खाद्य, खाल्लेले खाद्य आणि त्या दिवशी घडलेली वेगळी गोष्ट, एवढेच तिच्यात लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. "बोअरचे पाणी सोडले", "शेजारी फवारणी", "तीन दिवस ढगाळ" असे दोन-तीन शब्द पुरतात. मर झाली की आपण कालचा आणि आजचा दिवस आठवतो. वही आपल्याला आठवडाभर मागे नेते.

आपल्या भागात कोणत्या गोष्टी धक्का देतात हे आधीच माहीत असणे उपयोगी पडते. एप्रिल-मेमध्ये तळ्याचे वरचे पाणी तापलेले असते आणि खालचे थंड व प्राणवायूविना असते. वळवाचा थंड पाऊस पडला की वरचे पाणी जड होऊन खाली जाते, तळचे पाणी विष्ठा आणि कुजलेला गाळ घेऊन वर येते आणि काही तासांत संपूर्ण तळ्याचा प्राणवायू घटतो. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस आले की शेवाळ दिवसा पुरेसा प्राणवायू तयार करत नाही, पण रात्री तो वापरत मात्र राहते. टेंभू किंवा म्हैसाळ योजनेचे आवर्तन आले की कृष्णेचे पाणी, आणि ते नसेल तेव्हा बोअरचे पाणी, अशी अदलाबदल होते. बोअरच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि त्याचे तापमान व क्षारही निराळे असतात. असे पाणी उंचावरून दगडावर किंवा जाळीवर पडू द्यावे आणि एका दिवसात तळ्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भरू नये, असा माझा नियम आहे.

द्राक्षपट्ट्यातील सर्वांत दुर्लक्षित धक्का फवारणीचा असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारण्या जवळजवळ एकापाठोपाठ होतात आणि ब्लोअरचे (फवारणी यंत्राचे) पाणी बहुधा शेततळ्यातूनच भरले जाते. बोर्डो मिश्रणातील तांबे माशाच्या कल्ल्यांना अत्यल्प प्रमाणातही इजा करते, आणि पाणी जितके मृदू तितकी ही इजा जास्त होते. सायपरमेथ्रीनच्या गटातील कीटकनाशके तर माशांना अतिशय विषारी आहेत. मासे तत्काळ मरण्याइतका अंश पाण्यात उतरला नाही, तरी आतडे आणि प्रतिकारशक्ती यांवर त्याचा भार पडतोच. म्हणून ब्लोअरची टाकी आणि औषधाचे डबे तळ्याच्या काठावर कधीही धुऊ नयेत, भरण्याचा पाइप औषध घातलेल्या टाकीत बुडू देऊ नये आणि वारा तळ्याकडे वाहत असेल तर त्या बाजूच्या ओळी सर्वांत शेवटी फवाराव्यात.

मोजमापाबद्दल दोन गोष्टी सांगतो. प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो, म्हणून तो तेव्हाच मोजावा. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर मासे सुखात असतात, 3 च्या खाली गेला तर ते खाणे सोडतात आणि ताणात जातात. सामू मात्र दुपारी तीन-चारच्या सुमारास मोजावा, कारण हिरव्या पाण्याच्या अस्तरीकरण केलेल्या तळ्यात तो तेव्हा 9 च्याही वर चढू शकतो. याचा संबंध अमोनियाशी आहे. पाण्याचे तापमान 30 अंश असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग सामू 7 असेल तर शंभरात एकाहून कमी असतो, सामू 8 असेल तर सुमारे साडेसात आणि सामू 9 असेल तर सुमारे 45 इतका होतो. सकाळी निर्धोक वाटणारे पाणी दुपारी माशांना का छळते, याचे उत्तर बहुधा या आकड्यांत असते.

दुसरी पायरी : धक्क्याचा दिवस

धक्का बसला हे कळताच त्या दिवसाचे खाद्य पूर्ण बंद करावे. अनेकांना हे जिवावर येते, कारण थकलेल्या माशाला खाऊ घालावे अशी आपली सहज भावना असते. परंतु त्या वेळी आतड्याकडे रक्त कमी असते, पचन मंद असते, आणि न पचलेले प्रथिनयुक्त खाद्य आतड्यात पडून राहिले की त्यावर वाढतात ते नको असलेले जिवाणू. शिवाय खाल्लेले अन्न पचवायलाही माशाला जास्तीचा प्राणवायू लागतो, आणि नेमका तोच अपुरा असतो.

त्यानंतर हवा. एअरेटर असेल तर तो सलग दोन-तीन रात्री चालवावा; नसेल तर पंपाचे पाणी फवाऱ्याने तळ्यातच परत सोडावे. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात कोणत्या पाळीत आहे हे आधीच पाहून ठेवावे, कारण गरज मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत असते. दिवसा वीज असलेल्या आठवड्यात डिझेल इंजिनाची सोय करून ठेवणे मला मत्स्यबीजाच्या खर्चाइतकेच आवश्यक वाटते.

या दिवशी काही गोष्टी न करण्याला करण्याइतकेच महत्त्व आहे. मासे किती जगले हे पाहण्यासाठी जाळे ओढू नये. "पाणी शुद्ध करण्यासाठी" पोटॅशियम परमँगनेट, ब्लीचिंग पावडर किंवा मोरचूद टाकू नये. बिथरलेल्या माशाच्या कल्ल्यांना आणि अंगावरील थराला ती दुसरी इजा ठरते. चुना टाकायचा असेल तर सामू मोजल्यावाचून टाकू नये, कारण आधीच चढलेला सामू आणखी वाढला तर वर सांगितलेला अमोनिया अधिक विषारी होतो. मीठ उपयुक्त आहे हे खरे, पण ते वाहतुकीच्या पिशवीत आणि टाकीत. 20 लाख लिटरच्या शेततळ्यात लिटरला 1 ग्रॅम मीठ म्हणजे 2 टन मीठ, आणि तेच पाणी पुढे बागेला द्यायचे असते.

तिसरी पायरी : दुसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंतचे खाद्य

येथे हिशेब स्पष्ट असावा, म्हणून एक उदाहरण घेतो. तळ्यात सरासरी 300 ग्रॅमचे 2,000 मासे आहेत, म्हणजे एकूण वजन 600 किलो. नेहमीचे खाद्य वजनाच्या 2 टक्के, म्हणजे रोज 12 किलो. धक्क्याच्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर आलेले नसतील तर सकाळी उन्हे वर आल्यावर 3 किलो, एकाच वेळी. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी 6 किलो, दोन वेळांत विभागून. पाचव्यापासून सातव्या दिवसापर्यंत 8 ते 9 किलो, आणि आठव्या दिवसानंतर मासे जोमाने खात असतील तरच पुन्हा 12 किलोपर्यंत. तरंगते खाद्य असेल तर पंधरा-वीस मिनिटांत संपते का ते पाहावे. पेंड आणि कोंडा देत असाल तर तो सच्छिद्र पिशवीत किंवा ताटात द्यावा, म्हणजे किती उरले ते कळते. एखाद्या दिवशी खाद्य उरले तर दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे यावे.

उपास एका दिवसाचा हितकारक असला तरी तो लांबवू नये. अनेक दिवस अन्न न मिळाल्यानेही आतड्याचे अस्तर झिजते आणि जिवाणूंची घडी बदलते. "आठवडाभर काहीच टाकू नका" हा सल्ला ऐकायला मिळतो, पण तो मला पटलेला नाही.

या काळात खाद्याची प्रत नेहमीपेक्षा काटेकोरपणे पाहावी. ओलसर जागी ठेवलेल्या शेंगदाणा पेंडीवर बुरशी येते आणि तिच्यातील अफ्लाटॉक्सिन यकृताला इजा करून प्रतिकारशक्ती आणखी खाली आणते. वास बदललेली, गाठी झालेली पेंड वाळवून वापरू नये. वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, विष तसेच राहते. जीवनसत्त्व क माशांना स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही आणि ताणात त्याचा साठा लवकर संपतो, त्यामुळे या दहा दिवसांत ते असलेले ताजे खाद्य द्यावे. ते उष्णतेने आणि दीर्घ साठवणुकीने नष्ट होते, म्हणून पोत्यावरील तारीख पाहण्याची सवय लावून घ्यावी.

चौथी पायरी : जिवाणूंना पुन्हा बसवणे

प्रोबायोटिक म्हणून मिळणाऱ्या पावडरींमध्ये बहुधा बॅसिलस आणि लॅक्टोबॅसिलस या गटांतील जिवाणू असतात. ते उपयोगी पडू शकतात, परंतु काही अटींवर. पाण्यात ओतायचे आणि खाद्यातून द्यायचे उत्पादन वेगळे असते. आतड्यासाठी खाद्यातूनच द्यावे. पाकिटावर जिवाणूंचे नाव, एका ग्रॅममधील जिवंत संख्या आणि मुदत नसेल तर ते घेऊ नये. ते सुरू करायचे ते धक्क्यानंतर पहिल्यांदा खाद्य टाकतो त्या दिवसापासून, आणि निदान दोन-तीन आठवडे सलग द्यायचे, कारण बाहेरून दिलेले जिवाणू आतड्यात कायमचे वस्ती करत नाहीत. देणे थांबले की थोड्याच काळात नाहीसे होतात. हंगामात एकदा पाकीट टाकून "गुण आला नाही" असे म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही.

खाद्याला लावण्याची रीत सोपी आहे. क्लोरीन नसलेल्या थोड्या पाण्यात पावडर कालवावी, त्यात भाताची थंड झालेली पातळ पेज मिसळावी आणि सावलीत पसरलेल्या खाद्यावर ती शिंपडून हाताने हळुवार खालीवर करावे. अर्धा-पाऊण तास सावलीतच सुकू द्यावे आणि त्याच दिवशी संपवावे. पेज गरम असेल किंवा खाद्य उन्हात वाळवले तर आपण आपल्याच हाताने जिवाणू मारतो.

आपल्याकडे कोंडा, गूळ, यीस्ट आणि ताक एकत्र आंबवून ते खाद्य म्हणून देण्याची पद्धत रूढ होत आहे. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकान माशाची प्रतिकारशक्ती जागी करते हे खरे आहे. तथापि घरी आंबवलेल्या मिश्रणात दर वेळी कोणते जिवाणू वाढतील याची खात्री नसते, म्हणून धक्क्यानंतरच्या दहा दिवसांत मी ते वापरत नाही. एरवी, सुवास आंबटगोड असेल आणि वर रंगीत बुरशी नसेल तर देतो. लसणाबद्दल मात्र मी जास्त विश्वासाने सांगू शकतो. रोहूच्या बोटुकलीला (बोटाएवढ्या पिलांना) किलोभर खाद्यामागे 1 ते 10 ग्रॅम लसूण देऊन आपल्या देशातच प्रयोग झाले असून, एरोमोनासची लागण केल्यानंतर लसूण खाल्लेले मासे अधिक संख्येने जगल्याचे दिसले. मी किलोला 5 ग्रॅम ताजा वाटलेला लसूण पेजेत मिसळून देतो, परंतु लसूण जिवाणूनाशक असल्यामुळे तो प्रोबायोटिकबरोबर एकाच वेळी देत नाही. सकाळी एक, संध्याकाळी दुसरे.

प्रतिजैविकांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ताणाने विस्कटलेल्या आतड्यात "खबरदारी म्हणून" प्रतिजैविक देणे म्हणजे उरलेसुरले उपकारक जिवाणूही काढून टाकणे, आणि मागे उरतात ते औषधाला न जुमानणारे. क्लोरॅमफेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांवर आपल्या देशात मत्स्यपालनासाठी बंदीच आहे. इतर औषधेही रोगाचे निदान झाल्यावर आणि जाणकाराने मात्रा व विक्रीपूर्व विश्रांतीचा काळ ठरवून दिल्यावरच वापरावीत.

पाचवी पायरी : आधीपासून माहीत असलेला ताण

वळीव सांगून येत नाही, पण बोटुकली आणणे, नमुना जाळे ओढणे आणि विरळणी करणे (काही मासे काढून गर्दी कमी करणे) हे आपणच ठरवतो. येथे सावध राहिले तर दहा दिवसांची काळजी बरीच हलकी होते.

बोटुकली आणण्यापूर्वी एक दिवस तिला बीज केंद्रावरच हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) किंवा टाकीत उपाशी ठेवलेले असावे. आतडे रिकामे असले की पिशवीतले पाणी विष्ठेने आणि अमोनियाने नासत नाही. प्राणवायू भरलेल्या पिशवीच्या पाण्यात लिटरला 2 ते 3 ग्रॅम आयोडीनविरहित साधे मीठ घातले तर क्षार गमावण्याचा वर सांगितलेला भार कमी होतो. प्रवास रात्रीचा किंवा पहाटेचा ठेवावा. तळ्यावर आल्यावर पिशव्या सावलीच्या बाजूला वीस मिनिटे तरंगत ठेवाव्यात, मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आणखी वीस मिनिटे मिसळावे आणि बोटुकली स्वतःहून पोहत बाहेर जाईल अशी पिशवी आडवी करावी. पिशवी उलटी करून ओतण्याने वाचतो तो अर्धा तास, आणि जातात ते पुढच्या आठवड्यातले मासे.

आणल्याबरोबर तीव्र मिठाच्या पाण्यात बुडवून काढण्याची शिफारस पुष्कळ ठिकाणी केली जाते. अंगावर ऊ किंवा इतर परजीवी दिसत असतील तर ती योग्य आहे. एरवी लांबच्या प्रवासाने थकलेल्या बोटुकलीला हा आणखी एक धक्का देऊ नये, असे माझे मत झाले आहे.

नमुना जाळे सकाळी लवकर, आदल्या संध्याकाळपासून खाद्य बंद ठेवून ओढावे. पंधरा-वीस मासे तपासायला पुरतात. मासा कोरड्या हाताने धरू नये, कापडावर किंवा वाळूवर टाकू नये, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हा आतड्यातील थराचाच भाऊ आहे आणि तो निघाला की जंतूंना दुसरा दरवाजा मिळतो. जाळे ओढल्यावर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी वरील पद्धतीनेच खाद्य कमी ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत, पाणी 20 अंशांच्या आसपास असताना, माशाची प्रतिपिंडे तयार करण्याची गती मुळातच मंद असते. त्या दोन महिन्यांत विरळणी शक्यतो टाळावी.

सहावी पायरी : आतडे पाहणे

दहा दिवसांत माशांच्या वागण्याखेरीज विष्ठेकडे लक्ष द्यावे. खाद्य सुरू केल्यानंतरही पांढरे, पारदर्शक, दोऱ्यासारखे धागे तरंगताना दिसले तर ते बहुधा आतड्याचा गळून पडलेला थर असतात. अशा वेळी खाद्य वाढवणे थांबवावे आणि मंद झालेले, काठाशी एकटे फिरणारे दोन-तीन मासे उघडून पाहावेत. पोट गुदद्वारापासून पुढे कात्रीने उघडले की कार्पचे लांब, वेटोळी घातलेले आतडे दिसते. निरोगी आतडे खाद्याने भरलेले आणि फिकट रंगाचे असते. ते रिकामे असून पिवळसर किंवा रक्ताळलेल्या द्रवाने भरलेले असेल, भिंत पातळ आणि लाल रेघांची दिसत असेल, तर रोग सुरू झालेला आहे. पित्ताशय मोठे आणि गडद हिरवे असेल तर त्या माशाने काही दिवस काहीच खाल्लेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. पृष्ठभागावर खाद्य संपत असले तरी ते सर्वच मासे खात आहेत असे समजण्याची चूक यामुळे टळते.

रोज मेलेले मासे सकाळीच काढून तळ्यापासून दूर खड्ड्यात चुना घालून पुरावेत, कारण इतर मासे ते कुरतडतात आणि जंतूंचा मोठा डोस सरळ आतड्यात जातो. मर सलग दोन दिवस वाढत राहिली तर तपासणीसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे किंवा जवळच्या प्रयोगशाळेकडे जावे. जाताना मेलेला मासा नेऊन फारसे कळत नाही, कारण मृत्यूनंतर आतड्यातील जिवाणू काही तासांत सर्वत्र पसरतात आणि खरा रोगकारक ओळखता येत नाही. आजारी पण जिवंत असे तीन-चार मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत, तळ्याचे लिटरभर पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत, चालू पोत्यातील मूठभर खाद्य आणि नोंदवहीची मागच्या दहा दिवसांची पाने सोबत घेऊन जावीत.